एसी किती टनाचा ते नंतर, आधी अकरा ते पाच गाडी कुठे उभी करणार ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून चौघं निघणार: तुम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लोणार, तिथून वर्धा-सेवाग्राम आणि मग ताडोबा. भाड्याचं मोटरहोम ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेलं, छतावर एक टनाचा इन्व्हर्टर एसी, ४०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, ४०० वॉटचं सोलर आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. गाडीवाला म्हणतो, ‘एसी रात्रभर बॅटरीवर चालतो.’ तुम्हाला विचारायचंय की ४५ डिग्रीत हा एसी पुरेल का, की जनरेटरवाली महागडी गाडी घ्यावी.

मी वर्ध्याचा. बावीस वर्षं कूलर-एसी दुरुस्तीत गेली, त्यातली शेवटची नऊ गाड्यांच्या आत कूलर, बॅटऱ्या, पंखे बसवण्यात. स्वतःची गाडी आहे आणि मे महिन्यात ती घेऊन फिरतोही, म्हणून आमच्याकडे मला थोडं वेड्यातच काढतात. तेव्हा हे उत्तर कॅटलॉग वाचून दिलेलं नाही.

गाडीवाला खोटं बोलत नाहीये. रात्रीचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. ४०० अँपिअर-अवर म्हणजे साधारण पाच युनिट वीज. इन्व्हर्टरची खोट धरून हाती साडेचार येतात. रात्री बाहेर २९-३० डिग्री असताना इन्व्हर्टर एसी एकदा डबा गार झाला की मंद चालतो, तासाला अर्धा युनिट किंवा त्याहून कमी खातो. आठ तास निघतात. दुपारचं गणित मात्र वेगळं आहे. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकायची ताकद, पण हा आकडा बाहेर ३५ डिग्री धरून काढलेला असतो. ४५ला तोच एसी कमी थंड करतो आणि वीज जास्त ओढतो, तासाला एक ते सव्वा युनिट. बारा वाजता चालू केलात तर साडेतीनच्या सुमारास बॅटरी मान टाकेल. आमच्याकडे पारा सगळ्यात वर असतो तो तीन-चारच्या दरम्यान. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच एसी बंद, आणि रात्रीसाठीही काही उरलं नाही. सोलर भरून काढेल म्हणाल तर ४०० वॉटचं पॅनेल मे महिन्यात लख्ख उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असंही होत नाही. पॅनेल तापून ६५-७० डिग्रीला गेलं की त्याचं उत्पादन पंधरा टक्क्यांच्या आसपास घसरतं. त्यात गाडी सावलीत लावलीत तर तेवढंही नाही.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न एसीचा नाही. वर्तमानपत्रात ४५ डिग्री छापतात ते हवामान खात्याच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतलं, सावलीतलं तापमान असतं. तुमच्या गाडीचं छत त्या पेटीत बसलेलं नाही. उघड्यावर उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून बघा, दोन सेकंद टिकणार नाही. अशा डब्याशी यंत्राने झुंजायचं की डबा त्या उन्हातून काढायचा, हे आधी ठरवायला हवं.

हे मी शिकलो ते तोंडावर आपटूनच. माझी पहिली गाडी मी स्वतः बांधली होती आणि तिच्या एसीचा मला फार गर्व होता. मे महिना, वडकीच्या पुढे पांढरकवड्याच्या रस्त्याने एका फाट्यावरून आत वळलो, नांगरून ठेवलेल्या काळ्या वावराच्या कडेला गाडी लावली. आजूबाजूला पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे ढीग, बाकी काही नाही. बायकोने डबा उघडला, मी एसी लावला आणि पाय पसरले. दीडच्या सुमारास इन्व्हर्टर ट्रिप झाला. मी तो सीटखाली बंद पेटीत बसवला होता, हवा जायला फट नाही, स्वतःच्याच उष्णतेने गुदमरला. वीस मिनिटांत आतला काटा ४३वर. हात धुवायला नळ उघडला तर पाणी असं आलं की चहापत्ती टाकायचीच बाकी होती, कारण टाकी मी हौसेने छतावर बसवली होती. तेवढ्यात धुऱ्यावरून (बांधावरून) एक म्हातारे आले. डोक्याला ओला दुपट्टा, खांद्यावर कुदळ. त्यांनी आत डोकावलं आणि म्हणाले, “काहून बसले बाप्पा टिनाच्या डब्यात? भाजून घेता का सोताले? तिकडं चिचेखाली घ्या न गाडी.”

चिंचेखाली गाडी नेली आणि सावलीच्या बरोबर मध्ये लावली. म्हाताऱ्यांनी मान हलवली. “अजून पूर्वेले घ्या. तीन वाजता सांगतो काहून.” अर्धी गाडी उन्हात राहिली तेव्हा वाटलं, यांना गाड्यांचं काय कळतं. अडीचपर्यंत सावली पूर्ण गाडीवर आली आणि साडेपाचपर्यंत हलली नाही. तीन वाजता काही सांगायला ते आलेच नाहीत, बैलबंडीखाली पोतं अंथरून झोपले होते. त्या झाडाखाली आतला काटा ३९वर आला. नुसत्या चिंचेने चार डिग्री उतरवले, एक पैशाची वीज न जाळता.

झाड निवडताना नकाशावरच्या हिरव्या रंगावर जाऊ नका. ताडोबाकडे जाताना दोन्ही बाजूंनी जंगल दिसतं, तुम्ही म्हणाल इथेच थांबू. ते बरंचसं सागाचं आहे, आणि मे महिन्यात साग म्हणजे उभे खराटे. सावली हवी तर चिंच, आंबा, कडुनिंब, वड, पिंपळ, करंज. कडुनिंबाला आणि करंजाला उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटलेली असते, मेमध्ये ती दाट झालेली असते. आंब्याखाली सावली उत्तम, पण कैऱ्या पॅनेलवर पडतात आणि मालकाला वाटतं तुम्ही त्याच्यासाठीच आलात. आधी विचारा, किलोभर कैऱ्या विकत घ्या, मग तो स्वतःच माठातलं पाणी आणून देतो. वाळलेली मोठी फांदी वर लोंबत नाही ना, एवढं मात्र मान वर करून पाहा.

दिशेचं कारण सोपं आहे. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस चंद्रपूरला २० मेच्या सुमारास, नागपूरला २६च्या सुमारास असतो. त्यामुळे बारा-सव्वाबाराला सावली बुंध्याभोवतीच गोळा झालेली असते आणि तिथून पुढे ती पूर्वेकडेच सरकते. अकराला पोचलात तर गाडी बुंध्याच्या पूर्वेला लावा, लोक हसले तरी चालेल. गाडीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पाठ पश्चिमेला, समोरची मोठी काच पूर्वेला. मग दुपारचं तिरपं ऊन फक्त मागच्या अरुंद बाजूवर येतं. दुपारी काच पश्चिमेला असलेली मोटरहोम मी बघितली की मला कळतं, ही मंडळी बाहेरगावची.

झाड नाहीच मिळालं तर छतावर हिरवी नेट. नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी बांधतात ना, तीच. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. छताला चिकटवून बांधू नका, अर्धा फूट वर ताणा, म्हणजे मधून हवा वाहते. चिकटवली तर नेट तापते आणि पत्राही तापतो. यातून एक अडचण येतेच: सावलीत उभं राहिलं की सोलर मेलं. मी त्यासाठी घडी घालता येणारं एक सुटं पॅनेल आणि लांब वायर ठेवतो. गाडी झाडाखाली, पॅनेल उन्हात, आणि पोरगं आमचं त्याच्यावर राखणदार, कारण बकऱ्यांना ते फार आवडतं. भाड्याच्या गाडीत हे नसेल, तर ती गाडी चालत्या इंजिनावरून बॅटरी चार्ज करते का हे विचारा. सकाळी चार तास चालवलीत तर बरीचशी बॅटरी त्यातच भरते.

आता कूलर. पुण्या-मुंबईची माणसं इथे नाक मुरडतात. त्यांचा अनुभव दमट हवेतला, तिथे कूलर म्हणजे ओला पंखा. विदर्भात मेच्या दुपारी हवेत आर्द्रता कित्येकदा पंधरा टक्के किंवा त्याहून कमी असते. अशा हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ४५ डिग्री आणि पंधरा टक्के आर्द्रता धरा, तर ओल्या ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या गवती पडद्यांमधून येणारी हवा हिशोबाने २४पर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ताट्या तेवढं काम करत नाहीत, २९-३० मिळतात. तोंडावर ३० डिग्रीची वाहती हवा आणि बारा व्होल्टवर साठ ते शंभर वॉट खर्च. सहा तासांचं अर्ध्या युनिटच्या आसपास. एसीच्या सात युनिटसमोर हे ठेवून बघा. माझा धंदा कूलरचा आहे म्हणून बोलतोय असं वाटत असेल तर वाटू द्या, पण मी एसीही बसवतो आणि त्यात पैसे जास्त सुटतात.

कूलरच्या दोन अटी आहेत. पहिली, खिडकी उघडी हवी. कूलर एका बाजूने हवा आत टाकतो, दुसऱ्या बाजूने ती बाहेर जायलाच पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात आत नुसता दमटपणा साठतो आणि मग सगळे म्हणतात कूलर बेकार. कूलरच्या समोरच्या टोकाची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि छतावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. एसी आणि कूलर एकत्र लावणं हा तर शुद्ध वेडेपणा, एक हवा ओली करतो आणि दुसरा ती कोरडी करण्यात वीज जाळतो. दुसरी अट पाण्याची. गाडीत बसणारा कूलरसुद्धा भर उन्हात तासाला पाच ते सात लिटर पाणी उडवतो. सहा तासांत पस्तीस-चाळीस लिटर गेले. तुमची टाकी शंभरची, चौघांचं पिणं वीस-बावीस लिटर, शिवाय संडास, भांडी, हातपाय. म्हणजे पाणी रोज भरावं लागणार. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रवास अडतो तो डिझेलवाचून कमी आणि पाण्यावाचून जास्त.

पाण्याबद्दल एक गोष्ट मला लाज वाटून सांगावी लागते. एकदा एका गावाच्या हापशीवर मी पाइप लावायच्या तयारीत होतो. गुंड (पाण्याचा हंडा) घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, “भाऊ, तुमी नळाच्या गावचे का?” मी हो म्हटलं. “मंग तिथूनच आणाचं न भरून.” त्यानंतर मी मे महिन्यात गावच्या हापशीला हात लावला नाही. तालुक्याच्या गावी जारचा प्लांट असतो, वीस लिटरचे जार पैसे देऊन घ्या, पेट्रोल पंपावर टाकी भरायची तर विचारून भरा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या पट्ट्यातून जाणार असाल तर तो खारपाणपट्टा आहे. तिथलं बोअरचं पाणी पिण्याचं नाही आणि कूलरलाही वाईट, दोन दिवसांत ताट्यांवर मिठाचा पांढरा थर येतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याचं पाणी जारचंच ठेवा. त्यातलं रोजचं पाणी एका मातीच्या माठात किंवा सुरईत काढा, ओलं फडकं गुंडाळा आणि गाडीच्या दारात सावलीला ठेवा. फ्रिजवरचा निम्मा भार तिथेच कमी होतो. बारा व्होल्टचा फ्रिज ४५ डिग्रीत जवळजवळ सतत चालतो, त्यात दर दहा मिनिटांनी बाटलीसाठी दार उघडलं तर दूध नासणारच.

हे सगळं मेच्या कोरड्या हवेबद्दल झालं. नवतपा, म्हणजे मेच्या अखेरचे नऊ तापाचे दिवस लागले, वळवाच्या दोन सरी पडल्या की हवा चिकट होते आणि कूलर निम्मा निकामी. भंडारा-गोंदियाकडे तलाव जास्त, तिथे हे आधीच जाणवतं. तेव्हा एसीच लागतो. तुमच्या तारखा तिसऱ्या आठवड्यातल्या आहेत, दोन्हीची तयारी ठेवा.

विजेची जोडणी मिळाली तर दुपारी एसी चालवता येईल का? येईल, पण दोन गोष्टी बघून. ढाब्यावर किंवा लॉजच्या आवारात जाड पिनचा, पंधरा अँपिअरचा पॉइंट मागा, युनिटचे पैसे आधी ठरवा. गावाकडे दुपारी व्होल्टेज कधीकधी १७०-१८०पर्यंत पडतं. एसीचा कॉम्प्रेसर तेव्हा नुसता घुरघुरतो, अशा वेळी लगेच बंद करा. आणि वायरची गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरवर एसी चालवला तर ती आतून तापते. मी वितळून एकजीव झालेली गुंडाळी काढून दिलेली आहे, ढाबेवाला समोर हात कमरेवर ठेवून उभा होता. जनरेटरचं विचाराल तर तो डिझेल पितो, धूर सोडतो, आवाज करतो आणि ज्या झाडाखाली तुम्ही शांततेसाठी थांबलात तिथे त्याच शांततेची वाट लावतो. त्याचा धूर आत शिरला तर जीवावर बेततं, हे वेगळंच. त्यापेक्षा जुनी चांगली सोय आहे: खोली. मोटरहोम घेतलं म्हणून दुपारही त्यातच काढायची असं कुणी सांगितलं? सेवाग्राम-वर्धा भागात, वरोऱ्याला, शेगावच्या भक्तनिवासात कूलरची खोली मिळते. आईंसाठी अकरा ते पाच खोली घ्या. गाडी रात्रीसाठी आहे. रात्री विटांचं घर दिवसभराची आग ओकत बसतं आणि पत्र्याचा डबा मात्र तासाभरात निवतो. मोटरहोमची खरी मजा आमच्याकडे रात्रीच आहे.

शाळांना सुट्टी असते, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात कडुनिंब असतोच. सरपंच किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात. मंगल कार्यालयं लग्नसराईत भरलेली असतात, पण लग्न नसलेल्या दिवशी तिथला मांडव, पाणी, संडास सगळं रिकामं पडलेलं असतं. पेट्रोल पंपाच्या छपराखाली मात्र तळ ठोकू नका, आणि तिथे गॅस पेटवायचा विचारही नको. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावा, दुपारी ताक-भात, आंबील, पन्हं, टरबूज. गाडीत शेगडी पेटवून दुपारी पोळ्या लाटणाऱ्या बाईचा नवरा मी असतो तर माझ्यावर लाटणं आलं असतं.

गाडी चालवायची ती घड्याळ पाहून. पहाटे साडेचार-पाच ते नऊ-साडेनऊ, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात-आठ. रात्री उशिरा नको, विशेषतः जंगलालगत. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात, आणि दोन-अडीच क्विंटलचा रोही काचेवर आला तर गाडी आणि माणूस दोन्ही जातात.

टायर. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण एसी बंद पडला तर घाम येतो, टायर फुटला तर गाडी उलटते. समृद्धीवर काँक्रीट, लांबलचक सरळ रस्ता, आणि तुमची गाडी उंच, जड, मागे ओझं. टायर फुटतो तो बहुधा हवा जास्त असल्याने नाही, कमी असल्याने. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आतून तापते, वर रस्ता तापलेला, आणि मग शिवण सुटल्यासारखा टायर सुटतो. पहाटे, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढी हवा भरा. समजा सकाळी ६० पौंड होती, दोन तास चालल्यावर ती सत्तरच्या घरात दिसेल. ती तशीच दिसायला हवी. हवा वाढली म्हणून गरम टायरमधून ती कमी करणारे महाभाग मी पंपापंपावर पाहिलेत. टायर निवला की ती ५०वर येते आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर फुटतो. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, ती उभीच जास्त असतात, पण रबर म्हातारं होतं. टायरच्या कडेला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. २३२२ असेल तर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच वर्षांच्या पुढचा टायर मी मे महिन्यात समृद्धीवर नेत नाही, खाचा नव्यासारख्या दिसत असल्या तरी. स्टेपनीचेही आकडे वाचा, ती बहुतेक गाडीइतकीच जुनी असते. वेग ८०. तुमच्या बाजूने गाड्या सूं करून जातील, जाऊ द्या.

इंजिन तापायचा धोका चालताना कमी, थांबल्यावर जास्त. रेल्वे फाटकावर इंजिन चालू, एसी चालू, समोरून वारा नाही, पाच मिनिटांत काटा चढायला लागतो. तेव्हा एसी बंद करा, केबिनचा हीटर पूर्ण लावा आणि खिडक्या उघडा. ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून बाहेर काढतो. काटा उतरत नसेल तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण निवेपर्यंत उघडू नका. घाट असेल, म्हणजे चिखलदऱ्याला वळायचं मनात आलं तर, चढ सकाळीच आणि एसी बंद ठेवून चढा, उतरताना ब्रेकवर न बसता खालच्या गिअरमध्ये उतरा. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे, अमरावतीपेक्षा चार-पाच डिग्री कमी. आईंना झेपत नाही असं दिसलं तर ताडोबा सोडून तिकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

आईंबद्दल आणि मुलाबद्दल. बीपीची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या लघवी वाढवतात आणि उन्हात शरीरातलं पाणी-मीठ पटकन उतरतं. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा लागते, म्हणून लागेल तेव्हा पिऊ असं चालत नाही, तासाला एक ग्लास. ओआरएसची पाकिटं दहा ठेवा. दुपट्टा ओला करून मानेवर आणि डोक्यावर. नुसता पंखा ४५ डिग्रीत भट्टीची हवा अंगावर फेकतो, अंग ओलं असलं तरच तो कामाचा. अंग तापलेलं, बोलणं भरकटलेलं, तोल जातोय, उलटी होतेय, ही उष्माघाताची चिन्हं. तिथे लिंबू सरबताच्या मागे लागू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत, आणि १०८ला फोन. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि मुलाला ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत सोडून चहा घ्यायला जाऊ नका. ते पोट्टं आतून कुलूप लावून बसतं आणि काच फोडायला दगड शोधावा लागतो.

आता तुमचे दिवस मांडून दाखवतो. लोणारला विवर पाहायचं ते पहाटे, आठला परत वर. दुपार तिथेच खोलीत, रात्र गाडीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला निघा, मेहकरला समृद्धीवर चढा, वर्ध्याला उतरा. चार तासांच्या आसपास. साडेआठ-नऊला सेवाग्राम. बापू कुटीच्या मातीच्या जाड भिंती, वर कवेलू (कौलं), बांबूची कामटी. मुलाला आत नेऊन भिंतीला हात लावायला सांगा, मग बाहेर येऊन गाडीच्या पत्र्याला. भिंत आणि पत्रा यातला फरक त्याला कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. साडेदहाला खोली, ताक, झोप. गाडी कडुनिंबाच्या पूर्वेला, नेट बांधून, छतावरचा पंखा चालू, फ्रिज चालू, बाकी सगळं बंद. सॅनिटायझर, डिओडरंट, लायटर, पॉवरबँक डॅशबोर्डवरून उचलून खाली कपाटात. संडासाची टाकी सकाळीच रिकामी करून, कारण दुपारच्या उन्हात ती जे करते त्यावर मी इथे लिहीत नाही. साडेपाचला निघा, हिंगणघाटमार्गे. आठच्या आत वरोरा. तिथे आनंदवन आहे, मुक्काम गावातच करा, जंगलाच्या रस्त्यावर गाडी लावून झोपायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहर्ली. गेटच्या आत तुमची गाडी जात नाहीच, जिप्सी घ्यावी लागते, आणि मंगळवारी ताडोबा बंद असतं, तारीख ठरवताना तेवढं बघा. दुपारच्या सफारीला आईंना नेऊ नका. त्या जिप्सीला छत नसतं.

संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकून छत्री ताणून बसाल तेव्हा आकाशाकडे लक्ष ठेवा. पश्चिमेला काळं दिसलं, वारा एकदम थांबला, की ताणलेली छत्री लगेच गुंडाळा. मेमधलं वादळ पाच मिनिटांत येतं आणि माझी एक छत्री शेजारच्या वावरातून आणावी लागली होती, दांडे वेगळे, कापड वेगळं.

तर गाडी तुम्ही ठरवलेलीच घ्या, जनरेटरवाली नको. वाचलेल्या पैशांत चार दुपारच्या खोल्या आणि बारा व्होल्टचा एक छोटा कूलर निघतो. फक्त आगाऊ रक्कम देण्याआधी गाडीवाल्याला तीन गोष्टी फोटोसकट मागा: स्टेपनीसकट सगळ्या टायरचे चार आकडे, इन्व्हर्टर कुठे बसवलाय आणि त्याला हवा कुठून जाते, आणि पाण्याची टाकी छतावर आहे की खाली. टाकी छतावर असेल तर तिच्यावर पांढरं थर्माकोल लावून द्यायला सांगा. टायरचे फोटो पाठवायला त्याने टाळाटाळ केली तर दुसरी गाडी बघा.